जेवाया या

सोलापूर, ६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. गोजाबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि तू ओरडतेस, म्हणून हे पत्र. तुझी वहिनी गेल्यापासून माझे दुपारचे जेवण गल्लीतील सामायिक चुलीवरच होते, हे तू जाणतेसच. ज्याला जमेल त्याने मूठभर ज्वारीचे पीठ डब्यात टाकावे आणि सर्वांनी एका सतरंजीवर बसावे, ही चूल चालवणाऱ्या महेश्वरीने घातलेली पद्धत. तेलुगू बोलणारे विणकर, चिंचोळीच्या कारखान्यांतून पाळी संपवून येणारे कामगार आणि मी, अशी आमची पंगत. महेश्वरी भाकरी उत्तम थापते. लिहिते मात्र भयंकर. दारावरच्या पाटीवर तिने खडूने लिहिले होते : 'जेवाया या. पीठ आना नायतर नका आनू.' दोन वाक्यांत चार चुका! ज्याने आयुष्यभर व्याकरण शिकवले, त्याने रोज या पाटीखालून जावे? मी ती पुसून रंगाने शुद्ध लिहिले : 'गरजूंना येथे विनामूल्य भोजन मिळेल.' अक्षर वळणदार आले आहे.

तुझ्या गेल्या पत्रातील 'आनी' येथे 'ण' हवा.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा,
शिवलिंगप्पा

मैंदर्गी, १३ ऑगस्ट

ती. अण्णांना गोजाचा शि. सा. न.

तुमचा 'ण' पोचला. आता माजं बी ऐका की. पाटीचं वाचून आदी हसू आलं, मग परत वाचलं. अण्णा, पीठ घिऊन येनारा म्हनंल, मी कुटं गरजू हाय? आनी ज्येच्या घरात पीठच न्हाय, त्यो त्या पाटीखालनं मान वर करून कसा जाईल? आपली अव्वा दारात हुबी राहून 'बर्री, ऊटा माड्री', या, जेवा, एवढंच म्हनायची. कोन गरजू हाय, ते तिनं कवाच इचारलं न्हाय. तुमचं व्याकरन लई चांगलं हाय, पन ती पाटी पुसा. एकटे बसू नका. जेवलाव का, ते लिवा.

माया पातळ करू नका.

तुमची गोजा

सोलापूर, २२ ऑगस्ट

चि. सौ. गोजाबाईस आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र येण्यापूर्वीच सतरंजी रिकामी होऊ लागली होती. टॉवेलच्या कारखान्यातील बिरप्पा माझ्या शेजारी बसून माझ्याच ताटातली मिरची उचलत असे. तो आता मागच्या बोळातून जातो. पिठाचा डबा रिता राहिला. महेश्वरीने चूल बंद केली. मला ती एवढेच म्हणाली, की गुरुजी, तुमचं अक्षर लई देखणं हाय. तिने शिवी दिली असती तर बरे झाले असते.

मी रंग खरवडला. त्या जागी खडूने तिचेच शब्द लिहिले, चारही चुकांसह. मग बिरप्पाच्या दारी जाऊन त्याला बोलावले. त्याने अर्धेच दार उघडून सांगितले, की आमचं झालं की जेवान. आत त्याची लेक भाकरी मागत होती.

आज दुपारी डब्यात मूठभर पीठ टाकून, सतरंजी अंथरून मी पाटीखाली बसलो. उन्हे कलली. कोणी आले नाही.

तुझ्या पत्रात चुका पुष्कळ आहेत; एकही दुरुस्त केलेली नाही. 'जेवलाव का' असे तू विचारले आहेस.

नाही.

तुझा अण्णा