रिपोर्टात नसलेलं

प्रिय मल्हार,

समोर असता तर ‘अहो’च म्हटलं असतं. कागदावर नाव घ्यायला धीर होतो.

इंदापूरला माहेरी येऊन मला महिना होत आला. रोज फोनवर तुम्ही विचारता, “बरी हायेस ना?” आणि मी हो म्हणते. आई शेजारीच बसलेली असते, खरं बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या डेअरीत रोहिणी कामाला लागली, तेव्हापासून काटेवाडीच्या आपल्या घरात जेवताना तुमच्या तोंडी तिचंच नाव असायचं. रोहिणी किती टापटीप, रोहिणी जवळनं गेली तरी कसा छान वास येतो. भाकरी थापता थापता मी ऐकायची. मला शेणाचा वास येतो का, हे विचारायचं धाडस काही झालं नाही.

मग ती जळजळ सुरू झाली. लघवीला आग, सारखी खाज, तुम्ही जवळ आलात की जीव नकोसा व्हायचा. मी मनाशी ठरवूनच टाकलं, हे तिच्याकडून तुम्हाला आणि तुमच्याकडून मला लागलं. तसं तोंडावर बोललेसुद्धा. तुम्ही चिडला नाहीत. बारामतीला नेऊन दोघांच्या तपासण्या केल्या. सगळ्या निगेटिव्ह. दवाखान्याच्या पायरीवर तुम्ही म्हणालात, “आता तरी पटलं न्हवं?” मी मान हलवली. पण आतून मला वाईट वाटलं. काही निघालं असतं तर तिच्या दारात जाऊन भांडता तरी आलं असतं.

आग मात्र थांबेना. मग वाटायला लागलं, तपासणीच चुकली असेल, नाहीतर तुम्ही डॉक्टरांना आधीच गाठलं असेल. त्याच भरात मी बॅग भरली.

इथं आईनं एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी रिपोर्ट वाचले, मग मला नीट तपासलं आणि विचारलं, “तिथं धुवायला काय वापरता?” मी खरं काय ते सांगितलं. वासाच्या साबणाची एक बाटली मी कपाटात साड्यांच्या मागं ठेवली होती, ती तुम्हाला ठाऊक नाही. रोहिणीचं कौतुक ऐकल्यापासून दिवसातनं तीनचारदा त्यानं धुवायची. आग वाढली तशी आणखीच. बाई म्हणाल्या, “हा लागलेला रोग नाही. त्या साबणानं कातडी पोळलीय. नुसतं पाणी वापरा, मलम लावा, थोडा वेळ जाईल. मालकांकडून काही आलेलं नाही.”

आता उतार आहे. नीट बसता येतं, झोप लागते. घरी गेलीस तरी चालेल, असं आईही म्हणते. पण मी अजून निघणार नाही. माझ्या दुखण्याचा तिच्याशी संबंध नव्हता, हे मला पटलं. तुमचा तिच्याशी आहे का, ते कुठल्याच रिपोर्टात नव्हतं, आणि इतक्या दिवसांत तुम्हीही ‘नाही’ असं एकदाही म्हणाला नाहीत. दर वेळी रिपोर्टच पुढं केलात. रविवारी या. आईच्या देखत नको, आपण बाहेर चालत जाऊ. असेल तर आहे म्हणा, नसेल तर नाही म्हणा. पण तुमच्या तोंडानं सांगा.

अजून तरी तुमचीच,
स्वप्नाली