फर्मे जागच्या जागी होते

काका,

पंधरा दिवस झाले, मला पुस्तक उघडायची भीती वाटते. दुपारचं जेवण झालं की हात सवयीनं खुर्चीशेजारच्या स्टुलाकडे जातो आणि मधेच थांबतो. तुम्हाला हसू येईल. ज्यानं जन्मभर पुस्तकं उसवली, शिवली, पुठ्ठ्यात घातली, तो कादंबरीकडे विंचवाकडे बघावं तसा बघतोय. पण तुम्ही हसून झालं की विचारणार, "काय झालं ते सांग." तेवढ्यासाठीच लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, आणि अजून असं विचारणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही.

तुमच्या पडवीत आलो तेव्हा मी बावीस वर्षांचा, चौथी पास, आंब्याच्या पेट्या ठोकणारा. हंगाम संपला की हात रिकामे. तुम्ही म्हणालात, "खिळा सरळ मारतोस, तर सुईही सरळ घालशील." वाचनालयाच्या फाटक्या कादंबऱ्या पोत्यांतून यायच्या. आपण त्या उसवायच्या, सोळा सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, फाटलेलं चिकटवायचं, परत ओळीनं लावून शिवायचं. तुमचे डोळे तेव्हाच अधू झालेले. तुम्ही बोटांनी शिवायचात आणि मला म्हणायचात, "तू वाच. मोठ्यानं." मी अक्षराला अक्षर जोडत एक पान संपवेपर्यंत तुमचे दोन फर्मे शिवून व्हायचे. मैद्याच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद पडलेला, त्याचा वास, आणि माझं अडखळणं. पुढे वाचन सुधारलं तर तुमची दुसरी मागणी. "गोष्ट मला कळली रे, मी बहिरा नाय. तुला काय वाटलं ते सांग." मी म्हणे, "बरी आहे." तुम्ही म्हणायचात, "बरी तर भाजीही असते."

एकदा मी घोटाळा केला, तो तुम्ही विसरला नसाल. एका खुनाच्या कादंबरीत प्रेमकथेचा फर्मा शिवून टाकला. फौजदार दार ठोठावतो, आणि पान उलटलं की सोळा पानं मोगऱ्याच्या वेलाखाली कुजबूज. वर्षानं ते पुस्तक परत दुरुस्तीला आलं तेव्हा कळलं. मधल्या काळात बऱ्याच जणांनी नेलं होतं, तक्रार एकाचीही नाही. तुम्ही सुई खाली ठेवलीत. "मेल्या, त्यांना कळलं नाय तर नाय कळलं. ते वाचक. तू बांधणारा. आणि आकडे बघून पानं जुळवतो तो कारकून. आपण गोष्ट ऐकून जुळवायची. कुठं तुटली ते कानाला कळायला हवं." त्या दिवसापासून नियम झाला, फर्मा वाचून तपासला की त्याच्या शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीचं टिंब द्यायचं. टिंब दिलं म्हणजे मी जबाबदार. ती सवय हाताला इतकी लागली की आजही वाचनालयाचं पुस्तक घरी आणलं तरी दर सोळा पानांवर माझं टिंब पडतं.

तर या चार-पाच महिन्यांत काय काय वाचलं ते ऐका. पहिली रहस्यकथा, एका डाकबंगल्यात झालेल्या खुनाची. लेखिका बाई हुशारीनं लिहितात, स्वयंपाक्याचं पात्र तर असं की त्याच्या हाताला कांद्याचा वास येतो. पण शेवटच्या दहा पानांत कुठून तरी एक सावत्र भाऊ आणून उभा केलान आणि त्याच्या गळ्यात खून बांधलान. ही लबाडी झाली. वाचकाला आधी एकदा तरी त्या माणसाचं तोंड दाखवायला हवं होतं. मग एक ऐतिहासिक वाचली, उशीएवढी जाड. सगळे पुतळ्यासारखे बोलतात, पाणी मागायचं तरी छाती पुढे काढून. त्यात जिवंत बाई एकच, घोड्यांना नाल ठोकणाऱ्याची बायको. सैन्य निघालं तरी ती आपली विचारत राहते, माझं घंगाळ नेलंत ते परत कधी देणार. तिच्यासाठी मी सगळी लढाई वाचली. एक प्रेमाची, आजकालच्या पोरांची. अर्धी कादंबरी मोबाइलवरच्या निरोपांतच. नाक मुरडूनच उघडली होती. पण त्या मुलीनं एक निरोप लिहून पाठवायच्या आधी पुसला, ते पान मी दोनदा वाचलं. एक भुताचीही वाचली. सड्यावरच्या, उघड्या कातळावरच्या एकट्या घरातलं भूत, त्याची भीती काही वाटली नाही, आपल्याकडे अशी पुष्कळ आहेत. पण एका ठिकाणी नवरा बाहेरून हाक मारतो आणि बायको आतून म्हणते, कोण तुम्ही. ते पान वाचलं आणि पुस्तक बाहेर ओटीवर नेऊन ठेवलं. घरात नको वाटलं.

पाचवी कादंबरी एका खलाशी कुटुंबाची, तीन पिढ्यांची. सुरुवातीलाच बापाचा मचवा बुडतो, घरात रडारड. मला आवडत होती. भाषा अशी की दाराला लागलेलं खारं वारं जाणवावं. आणि चार दिवसांनी, पुस्तक चांगलं शंभरीकडे आलेलं, तो मेलेला बाप ओटीवर बसून सुपारी कातरतो आणि सुनेला म्हणतो, चहात साखर कमी आहे. मी पुस्तक मिटलं. काका, मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. वाटलं, सापडला. फर्मा मागेपुढे झालाय. हल्ली शिलाई कुठं करतात, पाठीला गोंद फासून मोकळे होतात, ढीग उचलताना गठ्ठा इकडचा तिकडे. पानांचे आकडे मी पाहिलेसुद्धा नाहीत. तुमच्या पडवीत शिकलेला माणूस आकडे कशाला बघेल.

दुसऱ्या दिवशी भाट्याच्या पुलावरून रिक्षानं गावात गेलो, सरळ वाचनालयात. टेबलाशी ग्रंथपाल बाई, माझ्या मुलीच्या वयाची, आणि पेपर वाचत बसलेले दोघे-तिघे. मी जरा आवाज चढवूनच म्हटलं, "हे पुस्तक परत पाठवा. बांधणी चुकलीय. मेलेला माणूस चहा पितोय यात."

तिनं पानं चाळली. "आजोबा, नंबर तर ओळीनं आहेत."

"नंबर छापणारा घालतो. गोष्ट तुटलीय, ते मी सांगतो तुम्हाला. पन्नास वर्षं केलंय हे काम."

पेपरवाल्यांपैकी एक म्हणाला, "कोकणातला मेलेला माणूस आहे तो, चहाला यायचाच." सगळे हसले. मीही हसलो.

ती बाई मात्र हसली नाही. जरा हळू आवाजात म्हणाली, "मी वाचलंय हे. बाप परत येतो ना, आजोबा. दुसऱ्या प्रकरणात. पलीकडच्या बंदरावर सापडतो, चार महिन्यांनी घरी येतो, तर भिंतीवर त्याचाच फोटो, हार घातलेला. तो स्वतःच हार काढतो आणि म्हैस कुठाय म्हणून विचारतो." तिनं ते पान काढून माझ्यापुढे धरलं. मी वाचलं. काका, मी ते पहिल्यांदा वाचत होतो. बत्तिसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात टिंब होतं. माझंच. माझं टिंब लांबट पडतं, तुम्ही म्हणायचात, खिळा मारतोस की काय.

म्हणजे ती सोळा पानं मी वाचली होती. तपासली होती. आणि त्यातलं एक अक्षर माझ्यात उरलं नव्हतं. म्हैस नाही, हार नाही, काही नाही. मी बाईंना म्हटलं, चष्मा बदलायला झालाय. पुस्तक तिथंच ठेवून बाहेर आलो. पायरीवर उभा राहिलो तर घरी जायला कुठल्या बाजूनं वळायचं हे क्षणभर सुचेना. कदाचित नुसत्या घाबरण्यानं झालं असेल. कदाचित.

तेव्हापासून मी स्वतःची परीक्षा घेतोय. वर लिहिलेली मतं मी माझ्या वहीतून उतरवलीत. वाचून झालं की चार ओळी लिहून ठेवायची सवय तुमचीच. वहीत लिहिलंय, मुलीनं निरोप पुसला ते पान दोनदा वाचलं. पण त्या निरोपात काय होतं? ती मुलगी कोण, तिचं पुढे काय झालं? आठवत नाही. नालबंदाची बायको आठवते, तिचं घंगाळ आठवतं. डाकबंगल्यात मेलं कोण ते आठवत नाही.

आणि मग तुमचं शेवटचं वर्ष डोळ्यांपुढे येतं. तुम्ही पडवीत बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालताय, सोळा पानांची घडी, एकावर एक, दिवसभर. काकू मागून एकेक उलगडून परत तुमच्यापुढे ठेवतायत, कारण कागद संपला की तुम्ही कावरेबावरे होता. मी आत येतो, तुम्ही मान वर करता. "कुणाकडचा रे तू?" मी नाव सांगतो. तुम्ही मान डोलावता, जशी गिऱ्हाइकापुढे डोलवायचात. त्या दिवशी मी चहा न घेता निघालो. काकूंनी नंतर तीनदा निरोप धाडले. पहिल्यांदा मी म्हटलं हंगाम आहे, दुसऱ्यांदा ताप आहे. बायकोला सांगितलं, "त्यांना ओळखच राहिली नाही, जाऊन करायचं काय." मी आलो तो थेट खांदा द्यायला.

काल बायकोला सगळं सांगितलं. तुम्ही सूनबाई म्हणायचात तिला, आता सत्तरीची आहे. मागल्या दारी बांगडे साफ करत होती. मी पायरीवर बसून बोललो, वाचनालय, टिंब, म्हैस, सगळं. ती थांबली नाही, हात चालूच. मग म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जायचं. आणि येताना ते पुस्तक परत घेऊन यायचं."

"कशाला?"

"वाचून दाखवा मला. कोण मेला, कोण जिवंत, ते मी ठेवते लक्षात. तुम्ही नुसतं काय वाटलं ते सांगा." थोड्या वेळानं म्हणाली, "मांजर हाकला ते. बसलायत तर तेवढं करा."

मी मांजर हाकललं. भीती गेलेली नाही, काका. आता वाटतं ते डॉक्टर काय म्हणतील त्याचं नव्हे. वाटतं ते हे, की उद्या मी अशाच कुठल्या घड्या घालत बसलो असेन, आणि माझ्यावर जीव असलेलं कुणी फाटकापर्यंत येऊन परत जाईल. कारण मला माहीत आहे ते किती सोपं असतं.

काकूंच्या तिसऱ्या निरोपाचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. तेव्हा मी आलो होतो. अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभा राहिलो. तुम्ही खिडकीत होतात. मी सगळ्यांना सांगत आलो की तुम्हाला माझी ओळख राहिली नव्हती. त्या दिवशी तुम्ही मला बघितलंत, हात वर केलात आणि माझं नाव घेऊन हाक मारलीत, अगदी स्वच्छ. मी ती ऐकली. ऐकून मागे वळलो.