धरण उतरवलं त्या दिवशी

चाफेवाडी, ता. कर्जत
९ नोव्हेंबर २०२५

चि. नवनाथ,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील असं धरून चालते. फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. वाडीतला पोशा उद्या तुझ्या तिथे शिळफाट्याला सामान आणायला जाणार आहे, त्याच्या हाती देईन.

भाताची कापणी उरकली. ऑक्टोबरभर पाऊस हटला नाही, आडव्या झालेल्या लोंब्यांनाच कोंब फुटले. आपल्या आईचा गुडघा पुन्हा सुजलाय. प्रिया विचारते, मामा का येत नाही? मी सांगते, कामात असेल.

धरणातल्या पिंजऱ्यांत माशांचं नवं बी सोडलेलं नाही. माणसं धरणावर जातात, रिकामे पिंजरे बघून परत येतात. पावसाचा आता भरवसाच राहिला नाही. मे महिन्यातच धरण चढायला लागलं, मग भर श्रावणात उघाड. तू धरणाच्या गेटवर कामाला होतास तेव्हा म्हणायचास, "साहेबांचीबी पंचाईत हाय गं. पाणी ठेवावं तर पुराची भीती, सोडावं तर उन्हाळ्यात वीज नाय." मी हसायचे. आपले मासे पाण्यात असले म्हणजे झालं.

नवनाथ, त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे.

तुझा फोन आला तेव्हा मी काठावर जाळी धूत होते. "ताई, मोठा पाऊस सांगितलाय. सांजेपासून पाणी सोडून धरण उतरवणार हायेत. भोंगा खालच्या गावांसाठी वाजंल, तुमाला कोण सांगणार नाय. पिंजरे खोल पाण्यात न्या. आन माझं नाव घेऊ नको." मी हो म्हटलं. मग चूल, पाणी, आईच्या गुडघ्याला तेल, यात विसरून गेले.

असं मी दीड महिना स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते रे. शेलूचा व्यापारी सकाळी टेंपो घेऊन येणार होता, म्हणून तर पिंजरे काठाशी ओढून बांधले होते. आपल्या मच्छीमार संस्थेची पहिली मोठी विक्री, आणि व्यापारी मी गाठलेला. पिंजरे आत गेले तर सकाळी मासे वेळेत निघणार नाहीत, तो दुसरीकडून माल उचलेल, मग सगळे मला हसतील, असं वाटलं. मोठा पाऊस सांगतात आणि येत नाही, असं मनाला समजावून गप्प बसले. पाऊस खरंच आला नाही. पाणी मात्र गेलं.

सकाळी पिंजरे चिखलात कलंडलेले. चिलापी मासे एकावर एक, तोंडं उघडी. टेंपोवाल्याने लांबूनच बघितलं आणि गाडी वळवली.

तू गेटवरून धावत आलास. ह्यांनी सगळ्यांदेखत तुझ्या कानाखाली वाजवली. "सख्खा मेव्हणा ना रं तू? एक फोन करता आला नाय?" तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. मग मान खाली घालून म्हणालास, "चुकलं, दाजी. सांगायला पायजे होतं."

मी तिथेच होते. मेलेले मासे पाटीत भरत होते. हात थांबवला नाही.

पुढे संस्थेने तुझ्याविरुद्ध अर्ज दिला आणि ठेकेदाराने तुला गेटवरून काढलं. त्या अर्जावर माझीही सही आहे.

परवा संस्थेची बैठक झाली. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. कोणी ओरडलं नाही. सहदेवकाका चेअरमन म्हणून पुढे बसले होते, ते एवढंच म्हणाले, "मग त्या पोराला मारलं कशाला रं आपण?" आता अर्ज मागे घेणार आहेत. पाणी उतरवायच्या आधी आम्हालाही कळवत जा, असं धरणाच्या ऑफिसात लिहून देणार आहेत. तुझ्या फोनचं मात्र वाडीबाहेर बोलायचं नाही असं ठरलं. काम परत मिळेल का, ते कोणालाच सांगता येत नाही.

हे माझ्याशी बोलत नाहीत. आज सकाळी ठेवणीतला शर्ट घालून आईला म्हणाले, "नवनाथला भेटून येतो." रस्त्यापर्यंत गेले आणि परत आले. "कोणत्या तोंडाने जाऊ?" म्हणाले, आणि शर्ट खुंटीला टांगला. मी चुलीपाशी होते, ऐकलं.

माफी मागायला बसले होते. पण तू माफ करशील हे मला माहीत आहे, आणि त्याचीच जास्त लाज वाटते. एकदा फोन उचल. त्या दिवशी सगळ्यांसमोर जे बोलला नाहीस, ते मला बोल. मी मधे एक शब्द काढणार नाही.

खाली ‘तुझी ताई’ लिहायला हात धजत नाही.

जना