मंजूच्या गिटारची जवारी

८ ऑगस्ट ९९, रविवार. सातारा.
मंजूचा कॉम्प्युटर तिच्या खोलीतून माझ्या खोलीत आणला. तिकडे भिंतीला ओल आली आहे. यंत्राला ओल सोसत नाही म्हणे. माणसाला सोसते.
काशीबाई भांडी घासता घासता, "आवं बाई, ताईंचा मिक्सर बिघाडलाय का काय? सकाळधरनं लय घरघरतोय."
गिटार आहे म्हटलं.
"व्हय? मग ती तरी दुरुस्त करून घ्या की."
मं. हसली. पुष्कळ दिवसांनी.

११ ऑगस्ट.
मं.च्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. उन्हाळ्यापासून जोर नाही. सांगलीचे डॉ. म्हणतात, नसांचा आजार आहे, वाढत जाणारा. औषधाने वेग कमी होईल. कदाचित. इंजिनिअर झालेली मुलगी घरी का, असं लोक विचारतात. "सुट्टीवर आहे" सांगते. कसली सुट्टी, ते कोणी विचारत नाही.
तिचं म्हणणं एकच. तिने रचलेल्या चार चाली आहेत. बोटं चालताहेत तोवर त्या घरीच रेकॉर्ड करायच्या.

१५ ऑगस्ट.
झेंडावंदनाला गेले नाही. मुख्याध्यापिकेची नोकरी संपल्यावरही कधी चुकवलं नव्हतं.
मं.ने समजावून सांगितलं. गिटारची वायर थेट कॉम्प्युटरात जाते. तसा आवाज डासासारखा. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून भरपूर वाढवून काढला की तो फाटतो, जाड होतो, लांबतो. तिला तोच हवा. कराडला कॉलेजात होता तो अ‍ॅम्प्लिफायर मित्राचा, तो पुण्याला घेऊन गेला. आता त्याची नक्कल करणारे प्रोग्रॅम निघाले आहेत. मासिकाबरोबरच्या सीडीवर तीन आहेत, नमुन्यादाखल. त्यांतला एक ठरवायचा.
"तू सांग कुठला बरा."
"मला सगळा गोंगाटच."
"आई, लग्नाआधी सांगलीत गाणं शिकलीस ना? मग कान आहेत तुला."


१८ ऑगस्ट.
तिन्ही ऐकले. हेडफोनने कानाच्या पाळ्या दुखल्या.
पहिला. तार न् तार वेगळी. पण फुकटचा म्हणून मध्येच गप्प होतो, मग परत बोलतो.
दुसरा. गोधडी पांघरल्यासारखा. सगळं जाड, गुळगुळीत.
तिसरा. वरच्या सुरांत कोणीतरी भजी तळतंय. शिवाय तार आधी छेडायची, आवाज मागून येणार. त्यात कॉम्प्युटर बंद पडला. बाद.
माझ्या तोंडून निघालं, "पहिल्याची जवारी खुली आहे, दुसऱ्याची बंद." माहेरी दादा तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवताना असंच म्हणायचा. दोरा जागेवर आला की तार झणझणून बोलायची, नाहीतर मुकी.
मं. खुर्चीतून उठलीच. "जवारी! अगं, हाच शब्द मला हवा होता." मग दिवसभर तेच. भाजीची जवारी बंद आहे, काशीबाईंची खुली आहे.

२२ ऑगस्ट.
मी म्हटलं, चारी चाली आधी कच्च्या वाजवून ठेव. आवाज मागाहून चढवता येतो ना? मग बोटांचा वेळ निवडानिवडीत कशाला?
"तू तानपुऱ्याशिवाय गायचीस का?"
"एकदा. परीक्षेत."
"मग?"
"वर चढले, सूर सोडून."
दोघी हसलो. ती म्हणते, कानात जसा आवाज तसा हात चालतो. आवाज लांबत असेल तर बोट सुरावर थांबतं, नसेल तर पळतं. पटलं. तिला सांगितलं नाही.

२८ ऑगस्ट. सांगली.
सकाळी डॉ.कडे. एकेका बोटाने त्यांचा अंगठा दाबायचा होता. करंगळीच्या वेळी डॉ. म्हणाले, "हं, आता दाबा." ती दाबतच होती.
वेग कमी झालेला नाही.
दुपारी दादाकडे जेवलो. दादा मं.ला म्हणाला, "काय गं, आईनं गाणं सोडलं आणि तू गिरणी काढलीस म्हणे!"
"मामा, तुमच्या तानपुऱ्यापेक्षा जवारी खुली आहे माझ्या गिरणीची."
"तोंड तर आईपेक्षा खुलं आहे." वहिनीने त्याला डोळ्यांनी दटावलं. त्याला कारण कळलं नाही. आजाराचं फक्त वहिनीला ठाऊक, त्याला कोणी सांगितलेलंच नाही.
परतीच्या एस.टी.त उंब्रजपर्यंत दोघी खिडकीबाहेर. मग तिने विचारलं, "तुला कळलं ना, मी दाबत होते?" हो म्हटलं.

५ सप्टेंबर.
मित्राने पुण्याहून पहिल्याचा पूर्ण प्रोग्रॅम पाठवला. आता गप्प होत नाही. दोन चाली झाल्या. दुसरी मला आवडते. गोंगाट म्हणणं बंद केलं आहे.

१२ सप्टेंबर, रविवार.
उद्या गणपती. चौकात कर्ण्यांची चाचणी. वायर थेट असल्याने बाहेरचं आत येत नाही, एवढं बरं.
तिसरी चाल संथ आहे, लांब सुरांची. मी सारण परतत होते. मं.ने हाक मारली, हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. ऐकलं. प्रत्येक सुराच्या कडेला बारीक झणझण. याआधी कधी नव्हती. मनापासून म्हणाले, "आज जवारी काय खुलली आहे गं! कसं जमवलंस?"
तिने हेडफोन काढून घेतला. मग म्हणाली, "आई, ती जवारी नाही. माझं बोट पूर्ण दाबलं जात नाही. तार पडद्याच्या पट्टीवर खडखडतेय."
सारण करपलं. दुसरं केलं.

१४ सप्टेंबर.
काल गणपती बसला. आरती दरवर्षी मं. करते, उजव्या हातात ताम्हन, डाव्यात घंटा. या वर्षी घंटा मी वाजवली. काशीबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.
परवाचं बोलणं निघालं नाही. माफी मागायची तर काय म्हणून? मला आवडलं, हे खोटं नव्हतं. तेच तर—

२५ सप्टेंबर.
चौथी चाल. पूर्वीच्या वेगात होईना. वेग उतरवला, करंगळीचे सूर गाळले. पुन्हा. पुन्हा. दुपारी एकदा सलग झाली.
संध्याकाळी पाहते तर तिने चौथीला दुसरा प्रोग्रॅम लावलेला. गोधडी. खडखड अजिबात ऐकू येत नाही. कोणीही वाजवलं असेल असं वाटतं.
मी म्हटलं, "यात तू ऐकू येत नाहीस."
"म्हणूनच."
जेवताना तिने चमचा मागितला. आमच्याकडे वरणभाताला कोणी चमचा घेत नाही. दिला. उजव्या हाताबद्दल विचारायचं धाडस झालं नाही.

२ ऑक्टोबर, शनिवार.
गिटारच्या तारा सैल करून तिने ती खोळीत घातली. म्हणाली, "चारी चाली कच्च्या साठवलेल्या आहेत. पहिला लावायचा की दुसरा, तू ठरव. मला पुन्हा ऐकायचं नाही." दादाचा मुलगा उद्या येणार आहे, सांगलीला सीडी करून देतो म्हणाला.
शाळेत निर्णय घ्यायला मला कधी वेळ लागला नाही. मुलं नापास केली, शिक्षक काढले.

३ ऑक्टोबर.
सकाळपासून हेडफोन. तिसरी चाल, दुसऱ्या प्रोग्रॅममधून. निर्दोष. ऐकणारा म्हणेल, वा. तिचा हात शाबूत होता असं कायमचं राहील. तिला तेवढंच हवं असेल तर मी कोण?
मग पहिल्यातून. तार खडखडते आणि बोट सोडत नाही. सूर संपेपर्यंत दाबत राहतं.
भाचा बाहेर चहा पितोय. मं.ने दारातून विचारलं, "झालं का गं?"
"नाही," म्हटलं. "अजून एकदा ऐकते."