मी नव्हतो, तरी पोरे हरली

लिहून देणार: कान्हू बाबाजी मोकल, वय ६९, पूर्वी धाटावच्या एका रासायनिक कारखान्यात बॉयलरवर नोकरी, हल्ली निवृत्त, राहणार मौजे जोहे, तालुका पेण, जिल्हा रायगड.

मी हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, सकाळचा चहा घेऊन, स्वतःच्या ओटीवर बसून लिहीत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. डोके शाबूत आहे. कोणाला शंका असल्यास त्याने माझ्याशी थोडा वाद घालून पाहावा. मला कोणी धाक दाखवलेला नाही किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेले नाही. मला धाक दाखवू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी रंभा, आणि ती आता हयात नाही.

कलम १. तीन वर्षांमागे मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द करतो. वकील म्हणाले, "काका, रद्द केलं एवढं लिहा, कारण लिहायची गरज नाही." गरज मला आहे. त्या मृत्युपत्रात असे लिहिले होते की, माझ्या पश्चात माझी कोणतीही वस्तू, वाहन वा जागा आमच्या गावच्या 'खाडीवारा बेंजो पथका'ला मिळू नये, आणि पथकाने माझी शेड ताबडतोब रिकामी करावी, त्यातच त्यांचे भले आहे. वाचणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्याचे पोरांशी वाकडे होते. वाकडे काहीच नव्हते. मी त्या पोरांना पनवती आहे आणि माझ्या वस्तूही पनवती ठरतील, अशी माझी खात्री झाली होती. ती खात्री गेल्या महिन्यात मोडली, म्हणून हा नवा कागद.

कलम २. जोहे येथील राहते घर आणि खालच्या अंगाची भातशेती मुलगा प्रविण याला देत आहे. प्रविण डोलवीला कंपनीत कंत्राटी कामावर आहे. ते काम आज आहे, उद्याचे कोणी सांगावे, म्हणून डोक्यावर छप्पर त्याचेच असावे. अट एवढीच की ओटीला ग्रिल लावू नये. सून दिपिका हिला ग्रिल हवे आहे हे मला ठाऊक आहे. दिपिका, तू माझे पथ्यपाणी सांभाळलेस म्हणून तुझ्या सासूच्या सोन्याच्या पाटल्या तुला देतो. ग्रिल नाही.

कलम ३. बँकेतली ठेव मुलगी पिंकी, सासर रोहा, हिला. शाळेत घालताना तिला दुसरे नाव द्यायचे राहून गेले, पासबुकावरही पिंकीच आहे, तेव्हा बँकेने हुज्जत घालू नये. "तिला लग्नात दिलं की" असे प्रविणने म्हणू नये. लग्नात दिले ते जेवण, आणि ते बरेचसे तुझ्याच मित्रांनी खाल्ले.

कलम ४. घरामागची पत्र्याची शेड, खालच्या जमिनीसकट, पथकाकरिता प्रणित आणि पूजा या दोघांच्या नावे देत आहे. प्रणित बेंजो वाजवतो आणि पथकाचा प्रमुख आहे. पूजा ऑक्टापॅड वाजवते आणि खरा कारभार तिचा आहे. ढोलावर हर्षद असतो. दिवसा ही पोरे गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवतात. पूर्वी सरावही तिथेच चाले, पण हर्षदचा ढोल घुमला की ओल्या मूर्तींची बोटे गळून पडत. एके दिवशी मालकाने गळलेली बोटे ओंजळीत भरून प्रणितला दाखवली आणि पथक रस्त्यावर आले. तेव्हा रंभा मला म्हणाली, "बोलवा पोरांना. आपल्या शेडीत मोडायला हाय काय?"

तेव्हापासून ती शेड त्यांची आहे, कागद तेवढा आज होतो आहे. प्रविणला तिथे गोदाम काढून भाडे घ्यायचे होते. बाबा, गोदामाला भाडं तरी येतं, बेंजोनं काय येतं, असे तो विचारतो. डोकेदुखी येते, प्रविण. कानात कापूस घाल. पथक कायमचे मोडले तर शेड तुझी, पण ते मोडावे म्हणून नवस करू नकोस.

कलम ५. माझा छोटा टेम्पो पथकाला. या टेम्पोतून मी त्यांना पेण, अलिबाग, माणगाव, उरण, जिथे म्हणून बेंजोची स्पर्धा असेल तिथे नेले. हळदीच्या आणि पालखीच्या सुपाऱ्यांवर त्यांचे पोट थोडेफार चालते, पण जीव आहे तो स्पर्धेत. आजवर कोणत्याही कंपनीने त्यांच्याशी करार केलेला नाही, कोणी गाणे काढलेले नाही. स्पर्धेच्या मंडपात जे काही मिळेल तेच त्यांचे नाव. स्टेजमागे पाचोळा पेटवून ताशे शेकायचे काम माझे. कातडे नीट तापले की ताशा कसा खणखणतो ते मला बोटाला कळते. पडदा उघडला की पहिली शिट्टीही माझीच.

आणि दरवेळी काहीतरी व्हायचे. पेणला लाईट गेली. अलिबागला ऐन रंगात बेंजोची तार तुटली. माणगावला आमची पाळी जेवणाच्या वेळेत आली आणि परीक्षकांचे लक्ष वाढप्यांकडे. फार तर उत्तेजनार्थ. ती सगळी उत्तेजनार्थ स्मृतिचिन्हे माझ्या कपाटावर आहेत, कारण पोरांच्या घरी कोणाला ती नको होती. ती प्रविणने भंगारात घालू नयेत, शेडीत नेऊन ठेवावीत.

मग वडखळची स्पर्धा आली. त्या वेळी रंभा पेणला दवाखान्यात होती आणि मी तिच्या उशाशी. पोरे माझ्याशिवाय गेली आणि पहिला नंबर घेऊन आली. रंभाला इतका आनंद झाला की तिने डॉक्टरांसमोर पेढा मागितला. दुसऱ्या दिवशी हैबतराव तिला बघायला आला. हैबतराव हा कारखान्यात माझा शिफ्टचा जोडीदार, रोह्याचा, घरचा भातशेतीवाला, आणि तिकडच्या एका बेंजो पार्टीमागे माझ्यासारखाच फिरणारा. तो हसत हसत म्हणाला, "कान्हू, तू नव्हतास म्हणून जिकली रं पोरं. पनवती तूच हायस!"

रंभा पडल्या पडल्या त्याला म्हणाली, "पोरांनी चांगला वाजवला म्हनून जिकली. त्यात यांचा काय?"

पुढे रंभा गेली, आणि हैबतरावाचे बोलणे राहिले. मी उरणला गेलो, तिथे जनरेटर बंद पडला. रोह्याच्या लोकांनी मंडपात मला बघून एकमेकांना कोपराने ढोसले. मीही त्यांच्याबरोबर हसलो. पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. घरी आलो आणि ते पहिले मृत्युपत्र केले. त्यानंतर टेम्पो घेऊन जायचो तो मंडपाच्या बाहेरच थांबायचो, स्टेजकडे पाठ करून. तरी पोरे हरायची, आणि मला वाटे, आपली पाठही पुरेशी आहे.

कलम ६. यात देण्याघेण्याचे काही नाही, पण हे कलम गाळू नये. गेल्या महिन्यात रोह्याला मोठी स्पर्धा झाली. पहिल्या नंबराशी मुंबईची एक कंपनी करार करणार होती. प्रणितने महिनाभर धड जेवण केले नाही. मी ठरवले, यंदा जायचेच नाही. पोरांना तोंडाने सांगायची पाळी नको म्हणून मीच गुडघ्याचे निमित्त काढले. पूजा म्हणाली, "बरं काका, आराम करा," आणि माझ्याकडे न बघता वायरी गुंडाळू लागली.

तिला ठाऊक नव्हते की एका टेम्पोवाल्याने आदल्याच दिवशी चुकून मला फोन करून शेडीचा रस्ता विचारला होता. म्हणजे माझा टेम्पो दारात धुऊनपुसून उभा असताना पोरांनी भाड्याचा सांगितला होता, तोही मी गुडघ्याचे बोलण्याआधी. मला राग आला. खूप वाईट वाटले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते, हेही कळले, आणि त्याने जास्तच वाईट वाटले.

स्पर्धेच्या दिवशी मी या ओटीवर बसून राहिलो. दिवेलागणीला हैबतरावाचा फोन आला.

"कान्हू, कुठं हायस तू?"

"घरी."

"घरी म्हंजे? मंडपामागं बिमागं नाय ना उभा?"

"ओटीवर हाय. दिपिकेला देऊ काय फोन?"

"मग तुझी पोरं पडली कशी रं? उत्तेजनार्थ पण नाय!"

मी विचारले, लाईट गेली काय. नाय म्हणाला. तार तुटली? नाय. परीक्षक जेवत होते? "नाय रं बाबा! झक्कास वाजवलं तुझ्या पोरांनी. माणगाववाल्यांनी त्याहून झक्कास वाजवलं. आमचीपण पडली. काय करतोस!" मग म्हणाला, "कान्हू, तुझा काय संबंध नाय रं यात. मी आपला उगाच बोलून गेलेलो."

मला आधी हसू फुटले आणि मग डोळे भरून आले. दिपिका पिठाच्या हातांनी बाहेर धावली, तिला वाटले बाबांना झटका आला. पोरे हरली याचे वाईट वाटलेच, खोटे कशाला लिहू. पण इतकी वर्षे छातीवर ठेवलेले दगडी जाते कोणीतरी उचलून नेल्यासारखे झाले. त्या रात्री मी सुकटीबरोबर नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली. पोरे माझ्यामुळे हरत नव्हती. ती हरत होती कारण दुसरे कोणी बरे वाजवत होते. इतकी साधी गोष्ट, पण ती समजायला मला घरी बसावे लागले.

सकाळी तिघेही आली. प्रणित पायरीवर बसला, मान खाली. म्हणाला, "काका, टेम्पो आमी आधीच सांगितला होता."

"ठाव हाय मला."

"तुमी नव्हता, तरी हरलो."

"ते पण ठाव हाय."

हर्षद नुसता नाक ओढत उभा होता. शेवटी पूजा पुढे आली आणि मला दम भरल्यासारखी बोलली, "पुढच्या टायमाला गुडघ्याचा सांगू नका, काका. गाडी तुमचीच, शिट्टी पण तुमचीच. हरायचाच हाय तर आपल्या मानसासमोर हरू."

मी उठून टेम्पोची किल्ली खिशात घातली. दिपिकेने सगळ्यांना चहा आणला. येत्या रविवारी नागोठण्याला स्पर्धा आहे आणि गाडी मी नेणार आहे.

कलम ७. माझी हत्यारांची पेटी, म्हणजे पाने, पकडी, सोल्डरिंगची कांडी वगैरे, पूजाला. प्रणितला नाही. प्रणितने नेलेला स्क्रू-ड्रायव्हर मला अजून दिसलेला नाही. तो त्याने माझ्या तेराव्यापर्यंत तरी आणून द्यावा.

कलम ८. हैबतरावास माझ्याकडून काहीही मिळणार नाही. वकिलांनी सांगितले की साक्षीदार असा असावा, ज्याला या कागदातून एक चमचाही मिळायचा नाही. मला पहिले नाव त्याचेच सुचले. त्याने माझ्यावर जे नाव ठेवले ते मी आज माफ करतो. मात्र बॉयलरवर असताना माझा डबा कोण उघडत असे, हे त्याने मरण्यापूर्वी कबूल करावे.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पिंकीने करावी. ती भावाला घाबरत नाही.

कलम १०. माझ्या अंत्यविधीबाबत. आमच्या रीतीप्रमाणे भजनी मंडळ येईल, त्यांना येऊ द्यावे. पथकाने माझ्यापुढे वाजवावे असे पोरे म्हणतील. त्या दिवशी त्यांची कुठे स्पर्धा नसेल तर खुशाल वाजवावे. स्पर्धा असेल तर मात्र त्यांनी स्पर्धेला जावे, आणि माझ्याकरिता एकाही माणसाने मागे राहू नये. टेम्पो मी दारात उभा ठेवलेला असेलच, किल्ली दिपिकेकडे मागावी. जिंकली तर, कान्हू नव्हता म्हणून जिकली, असे कोणी म्हणू नये. पोरांनी चांगले वाजवले असेल. आणि हरली तर तो बोल मला लावू नये. त्या दिवशी मी मंडपाच्या आसपासही नव्हतो, याला अख्खे जोहे गाव साक्ष असेल, आणि त्यातल्या चौघांनी तर मला खांद्यावर घेतलेले असेल.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला, आणि मला तो पटला. आता माझ्या मनावर कसलेही ओझे नाही. ज्यांना जे दिले ते त्यांनी न भांडता आणि न घाबरता घ्यावे.

ठिकाण: जोहे, तालुका पेण
दिनांक: १२ मार्च २०२६

सही: कान्हू बाबाजी मोकल

साक्षीदार:

१. पुतळी गजानन पाटील, अंगणवाडी सेविका, राहणार जोहे. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली.

२. हैबतराव सखाराम मोरे, राहणार रोहा. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. कलम ८ मधील डब्याचा मजकूर मला मान्य नाही. कलम ६ मधील माझे बोलणे मी बोललो तसेच लिहिले आहे, आणि ते खरे आहे.