अनुभवी माणूस पाहिजे

१२ एप्रिल १९७६, सोमवार
जाहिरात आज पुन्हा छापून आली. 'अनुभवी प्रोग्रामर पाहिजे. लोणावळ्यास राहण्याची तयारी हवी.' पहिलं वाक्य वाचून माणसं खूश होतात, दुसरं वाचून पान उलटतात!

मोठ्या साहेबांचं पुन्हा तेच – "तुझ्यासारखा माणूस आण आणि खुशाल जा." जसे काय मी माझ्यासारखे कपाटात घालून ठेवलेत! ठाण्याला मिळालेली नोकरी एक जूनपर्यंतच थांबणार. बायकोची, लीलाची, शाळेतली नोकरी तिथं, पोरगी चिंगी तिथं, आणि मी इथं कंपनीच्या क्वार्टरमध्ये भात करपवतोय. वैताग आलाय.

१५ एप्रिल, गुरुवार
मेनन नावाचे गृहस्थ मुंबईहून आले. बँकेच्या कॉम्प्युटरवर केस पिकवलेले. त्यांना काम समजावलं – तळ्याची पातळी, डोंगरावरचा पाऊस, वीजघराला लागणारं पाणी, हे सगळं घातलं की धरणाचे दरवाजे कधी आणि किती उघडायचे ते आमचा प्रोग्राम सांगतो. "चुकला तर?" त्यांनी विचारलं. चुकला तर इंद्रायणीकाठची भातखाचरं पाण्याखाली, काठची घरंसुद्धा. त्यात कार्ल्याचं आमचंही घर आहे, हे मात्र बोललो नाही.

मेननांनी शांतपणे चहा संपवला. "बँकेत चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते हो." दुपारच्या गाडीनं परत गेले.

१९ एप्रिल
आज दीक्षित. कोवळा पोरगा. हो सर, जमेल सर, लगेच येतो सर! एक प्रश्न विचारला नाही. साहेबांना पसंत. मला नाही. यात अवघड काय आहे तेच त्याला दिसलेलं नाही, म्हणून तो हो म्हणतोय. ज्यांना दिसतं ते नको म्हणतात. मग मी आणू कुणाला?

बांधावर फिरून आलो. करवंदं घेतली, तीही आंबट.

२५ एप्रिल, रविवार
कार्ल्याला गेलो. आई चुलीपुढं बसून हसत सांगत होती – "आरं, आता नदीकडं कुनी बगत बी न्हाई. पयलं बुधाआबा पावसुळाभर काठाला बसून ऱ्हायचा. आता समदे म्हंत्यात, भामाबाईचा ल्योक हाय की वर!"

ठाण्याचं सांगायला गेलो होतो, सांगून टाकलं. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "जा की. बायकापोरांतच ऱ्हावं मानसानं." आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

३० एप्रिल
वर्तकबाई आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच प्रश्न – "पावसाळ्यात कार्डं कुठं ठेवता?" जीव भांड्यात पडला! इथल्या दमट हवेत प्रोग्रामची भोकं पाडलेली कार्डं फुगतात आणि मग यंत्र ती गिळत नाही. हे भोगलेल्यालाच सुचतं. त्यांना माझं कपाट दाखवलं, ओल धरू नये म्हणून आत दिवा जळत ठेवलेलं. कार्डं पुण्याच्या कॉम्प्युटरकडे न्यायचे चिक्कीचे डबेही दाखवले. बाई खळखळून हसल्या.

दुपारभर प्रोग्राम वाचला. निघताना म्हणाल्या, "येते मी. पण हा पावसाळा तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. अर्धा प्रोग्राम कार्डांवर आहे, अर्धा तुमच्या डोक्यात. तो मी कसा घेऊ?"

"अहो, मला जायचंय म्हणून तर तुम्हाला बोलावलं!" मी जरा जोरातच बोललो. चिडलो, कारण बाईंचं खरं होतं.

३ मे
हो कळवू? नको. कळवू? आज कामात लक्ष नाही.

९ मे, ठाणे
चिंगी लीलाच्या पदराआड लपली. "आई, काका आलेत."

वर्तकबाईंची अट सांगितली. लीला भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "एकच पावसाळा ना? गेल्या वर्षीही एकच होता."

११ मे
साहेबांना सांगितलं, दीक्षित चालेल. वर्तकबाईंना नकार कळवला. पोरगा हुशार आहे. शिकवीन मी त्याला. आहेच हुशार!

२४ मे
सकाळपासून दीक्षितला घेऊन बसलो. डोंगरावर पाऊस थांबला तरी तळं चढतच राहतं, तेव्हा काय करायचं, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. "कळलं?" "सगळं कळलं सर." काय कळलं ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

१ जून, ठाणे
नव्या ऑफिसचा पहिला दिवस. संध्याकाळी चिंगीनं दारातून हाक मारली – बाबा! सुटलो एकदाचा.

२ जुलै
घाटात जोराचा पाऊस म्हणे. पेपर दोनदा वाचला. लीलानं काढून घेतला.

१४ जुलै, बुधवार
सकाळी दारात आई! डोक्यावर बोचकं, लुगडं चिंब. ऐन लावणीत ही इथं कशी? "चिंगीला बघायला आलीस?" म्हटलं.

"तिलाबी. पर आता पाऊस हटंस्तवर हितंच ऱ्हानार बग. तू व्हतास तवर झोप लागायची. आता त्या घरात डोळा लागत न्हाई."

"आणि गावातली बाकीची माणसं?"

"त्ये झोपत्यात की निवांत. तू गेलास ते तेंला कुटं ठावं! समदी मला मान देत्यात रं, भामाबाईचा ल्योक वर हाय म्हनून. कसं सांगू? मी सांगितलंच न्हाई."

लीला काही न विचारता डबा भरतेय. आताची गाडी मिळाली तर संध्याकाळपर्यंत कार्ल्यात पोचेन, गावाला सांगायला.