दोन वावरांचा करपा

माघातला गुरुवार, दिवेलागण

डोकं तापून आहे. मोहरीवर काळे ठिपके पडले तेव्हापासून धाकटी जाऊ गावभर सांगून राहिली होती, करपा माझ्याच वावरातून तिच्याकडं आला म्हणून. आज पानं तपासायला घेऊन गेलेली शेतकी कॉलेजची पोरगी आली. म्हणते, "आजी, दोन्ही वावरांतली बुरशी वेगवेगळ्या जातीची आहे. तुमची तिकडं गेलीच नाही." मी जावेकडं पाहिलं. ती पदर सावरत बसली.

पण पोरगी थांबली नाही. माझ्या वावरात म्हणे बुरशीच्या बऱ्याच जाती मिसळल्या, म्हणून औषधाचा फवारा लागू पडला नाही. जळो मेले ते ठिपके! बियाण्यापुरतीही मोहरी उरली नाही.

धाकटी लगेच गोड झाली. "बाई, माझं बियाणं न्या. थोरल्या घरी द्यायची रीत आहे."

"रीत आता काऊन आठवली? बियाण्यासंगं बुरशी येते. तुझी जात मले कायले?"

औषध लावून पेरता येते, पोरगी म्हणाली. येत असेल. मी जास्त बोलली का? बोलली तर बोलली. ठिपके औषधानं जातील, तिचं तोंड कशानं जाईल?

पुढच्या साली त्या वावरात मोहरी सोडून लाखोरीची डाळ टाकीन. फोडणीची मोहरी दुकानातून आणीन, तिच्या दारातून नाही.